आगोटीची बेगमी आणि दप्तराचा माळा

कौटिलीय अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणांत सीताध्यक्षाचें प्रकरण आहे. त्यांत निरनिराळ्या देशांतील वार्षिक पर्जन्याचें मान द्रोणांत सांगितलें आहे. जांगल देशास सोळा द्रोण, आनूपास त्याच्या दीडपट, अश्मकांस साडेबारा, अवंतीस तेवीस, असे आंकडे देत देत ग्रंथकार अपरांतापर्यंत येतो. आणि अपरांत व हिमालयाकडील प्रदेश यांच्यापुढें मात्र आंकडा न घालतां 'अमित' एवढा एकच शब्द लिहून पुढें जातो. अपरांत म्हणजे आपली कोंकणपट्टी. ज्या ग्रंथानें खाणीपासून जकातीपर्यंत प्रत्येक वस्तूस माप लाविलें, त्यानें कोंकणच्या पावसापुढें माप खालीं ठेविलें हें लक्षांत घेण्यासारखें आहे.

अश्मकांच्या आंकड्याविषयीं येथेंच एक खुलासा करणें अवश्य आहे. मूळ शब्द 'अर्धत्रयोदश' असा आहे. श्यामशास्त्र्यांनीं आपल्या १९१५ सालच्या इंग्रजी भाषांतरांत त्याचा अर्थ साडेतेरा असा केला, व तोच पुढें पुष्कळांनीं डोळे मिटून उचलला. परंतु 'अर्धतृतीय' म्हणजे अडीच आणि 'अर्धचतुर्थ' म्हणजे साडेतीन. आपले 'अडीच' आणि 'औट' हे शब्द याच घराण्यांतले होत. ज्या पिढीनें पंतोजीपुढें औटकी पाठ म्हटली तिला तरी अर्धत्रयोदश म्हणजे साडेबारा हें सांगावें लागूं नये.

याच अधिकरणांत सन्निधात्याच्या प्रकरणीं, पाऊस मोजण्यासाठीं एक अरत्नि रुंद तोंडाचें कुंड ठेवण्यास सांगितलें आहे, आणि तें ठेवावयाचें तें कोष्ठागारांत. पर्जन्यमापकाची जागा धान्याच्या कोठारांत, ही योजना आम्हांस फार अर्थपूर्ण वाटते. आरंभीच्या व अखेरच्या महिन्यांत मिळून एक तृतीयांश आणि मधल्या दोन महिन्यांत दोन तृतीयांश पाऊस पडला म्हणजे वर्ष चांगलें, असेंही तेथें सांगितलें आहे. हवामानखात्याच्या दीर्घकालीन सरासरीप्रमाणें पाहतां सबंध देशांत जून व सप्टेंबर मिळून सोळा आण्यांपैकीं सुमारें सहा आणे पाऊस पडतो. तेव्हां हा जुना ठोकताळा अगदींच वाऱ्यावरचा नव्हे. परंतु जेथें पाऊस अमित, तेथें कुंड मांडून बसण्यांत लाभ नाहीं. तेथें मोजावयाचें उरतें तें कोठारच.

प्रस्तुत लेखांत कोंकणांतील लहान घरवाडीनें हें कोठार कसें मोजलें व राखलें याचा विचार करावयाचा आहे. घरवाडी म्हणजे येथें खोताचा वाडा अभिप्रेत नाहीं. एक मातीचें व जांभ्याचें घर, जवळ गोठा, पांचपंचवीस माड व पोफळी, एखादा फणस, दोन आंबे, आणि उताराखालीं भाताचे चार कुणगे, एवढ्यावर नऊदहा माणसांचें कुटुंब राहतें त्या ठिकाणास आम्ही घरवाडी म्हणतों. हा विषय हस्तलिखितांच्या शोधांत आयुष्य घालविणाऱ्या वाचकांस क्षुद्र वाटण्याचा संभव आहे. परंतु ज्या रुमालांवर आपला सर्व व्यापार चालतो ते दोनदोनशें पावसाळे काढून आपल्या हातीं आले, ते बहुतांशीं याच घरवाड्यांच्या शिस्तीमुळें आले, असें आमचें मत आहे. ती शिस्त सुटल्यावर काय होतें याचा अनुभव आम्हांस स्वतःच्या घरीं आला आहे. तो पुढें यथास्थळीं सांगूं.

प्रथम ऋतूंचें स्वरूप थोडक्यांत पाहूं. कोंकणपट्टींत वर्षास सुमारें ३००० मिलिमीटर, म्हणजे जुन्या हिशेबानें १२० इंचांच्या आसपास पाऊस पडतो. घाटमाथ्यावर महाबळेश्वरीं तो याच्या जवळजवळ दुप्पट होतो, आणि तेथून पूर्वेस पन्नाससाठ मैल गेलें कीं ५००-६०० मिलिमीटरांवर येतो. कोंकणांतला हा बहुतेक सर्व पाऊस चार महिन्यांत पडतो. उरलेले आठ महिने कोरडे. म्हणजे अतिवृष्टि आणि अनावृष्टि या दोन्ही ईति येथें एकाच वर्षांत, आणि प्रत्येक वर्षीं येतात. देशावरच्या शेतकऱ्यास पाऊस येईल कीं नाहीं याची चिंता. इ. स. १६३०-३२ आणि १८७६-७८ या दुष्काळांचें स्वरूप त्या चिंतेंतूनच समजतें, व पेवें आणि बळदें हीं तिचींच उत्तरें होत. कोंकणांतल्या माणसास पाऊस येणार याविषयीं संशय नसतो. त्याची चिंता अशी कीं तो आला म्हणजे चार महिने जें घरांत आहे त्याबाहेर कांहीं मिळावयाचें नाहीं.

या विषयावर लेखी साधनें कोणतीं, असें विचारतांच संग्राहक बहुधा 'सहदेव-भाडळी'चीं पानें पुढें करितात. प्रत्येक जुन्या बाडांत त्याचें एखादें तरी पान सांपडतेंच. संस्कृताभ्यासी असेल तो वराहमिहिराची बृहत्संहिता काढतो. तीत मेघांच्या गर्भधारणेपासून सद्योवृष्टीच्या लक्षणांपर्यंत अनेक अध्याय आहेत. मार्गशीर्षापासून पुढें धरलेला गर्भ १९५ दिवसांनीं प्रसवतो हा त्यांतला प्रसिद्ध सिद्धान्त. कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीनें १९६० सालीं प्रसिद्ध केलेल्या कृषिपराशरांत पौष महिन्याचे अडीचअडीच दिवसांचे बारा भाग करून त्या त्या दिवसांच्या वाऱ्यावरून पुढील बारा महिन्यांचा पाऊस वर्तविण्यास सांगितलें आहे. आम्हींही उमेदीचीं कांहीं वर्षें या अध्यायांतील वचनें कोंकणच्या पावसाशीं जुळवून पाहण्यांत घालविलीं. फळ फारसें आलें नाहीं.

याचें एक कारण गणिताचें आहे. वराहमिहिराच्या काळीं दक्षिणायनाचा आरंभ कर्कसंक्रांतीस होत असे. आज अयन २१ जूनच्या सुमारास लागतें आणि पंचांगांतील कर्कसंक्रांत १६ जुलैच्या सुमारास येते. म्हणजे सूर्यनक्षत्रें ऋतूंच्या मानानें तीन आठवड्यांहून अधिक मागें सरकलीं आहेत. आज सूर्य मृगास येतो तो ७-८ जूनला, आणि दक्षिण कोंकणांत नैर्ऋत्य मोसमी पावसाचें सरासरी आगमन त्याच सुमारास होतें, म्हणून आम्हांस मृग आणि पाऊस यांचें नातें अनादि वाटतें. पण शिवकालीं तोच मृग आजच्या तारखांच्या हिशेबानें चारपांच दिवस आधीं लागत असे. आणि सुरतेच्या वखारींतले इंग्रज त्या वेळीं जुनें पंचांग चालवीत असल्यामुळें त्यांच्या कागदांत तो मे महिन्याच्या तिसऱ्याचौथ्या आठवड्यांत पडेल. जुन्या पत्रांतील पावसाच्या उल्लेखांवर कालनिर्णय बसविणारांनीं ही गोष्ट ध्यानांत ठेवावी. नक्षत्रांवर बांधलेलें उज्जयिनीचें वचन पंधराशें वर्षांनीं राजापुरास जसेंच्या तसें लागू पडावें ही अपेक्षाच चुकीची.

दुसरें कारण अधिक साधें आहे. ज्यानें मृगाआधीं घर शाकारलें, त्यास पाऊस बेडकावर बसून येतो कीं हत्तीवर, याची मोठी फिकीर नसे. भविष्य हा करमणुकीचा व धर्माचा भाग होता. संसाराचा भाग बेगमी हा होता. हा शब्द फारसी 'बे-गम' म्हणजे चिंतारहित यावरून आला. साठा या अर्थीं तो मराठींत रूढ झाला याचें कारण उघड आहे.

राज्यकारभारांतही याचें प्रतिबिंब पडलें आहे. आमच्या दप्तरांतून जागोजाग भेटणारा शुहूर सन, ज्यास मृगसाल असेंही म्हणतात, तो सूर्य मृगशीर्षास येतो त्या दिवशीं बदलतो. ज्या दिवशीं कुणबी आपलें वर्ष सुरू करितो त्याच दिवशीं कारकुनाचेंही. आम्हां संशोधकांस या सनामुळें तारखा बसवितांना डोकेंफोड करावी लागते खरी, परंतु वसूल ज्याच्या पिकावर अवलंबून आहे त्याच्या वर्षाशीं दप्तराचें वर्ष जुळवून घेण्यांत शहाणपणच होतें.

आतां एक असें पत्र घेऊं कीं जें सर्वांस पाठ आहे. छत्रपति शिवाजी महाराजांचें, राज्याभिषेकाच्या सुमारास ऐन उन्हाळ्यांत चिपळूणच्या बाजूस छावणी करून राहिलेल्या लष्कराच्या जुमलेदार, हवालदार व कारकून यांस गेलेलें पत्र. रयतेच्या भाजीच्या देठासही हात लावूं नये या अर्थानें तें शाळेंतल्या पोरांसही ठाऊक असतें. तें योग्यच आहे. पण आम्हांस तें प्रथमतः आगोटीचें पत्र वाटतें, आणि या बाजूनें तें कोणी वाचलेलें आमच्या पाहण्यांत नाहीं.

पत्राचा आशय असा. पावसाळ्यासाठीं दाणा व गवत मोठ्या कष्टानें गोळा केलें आहे. तें आतांच मन मानेल तसें उधळलें तर पडत्या पावसांत कांहीं मिळणार नाहीं, घोडीं उपाशीं मरूं लागतील, आणि तीं तुम्हींच मारिलीं असें होईल. मग लोक कुणब्यांच्या घरांत शिरून कोणी दाणे, कोणी भाकर, कोणी गवत, कोणी लांकडें, कोणी भाजी आणूं लागतील. आणि गरीब रयतेस यांच्यापेक्षां मोंगल बरा असें वाटेल. पुढें विस्तवाची ताकीद आहे. कोणी भलत्या जागीं आगटी करील, कोणी चिलमीस विस्तव नेईल, वाऱ्याचा विचार करणार नाहीं, आणि एका गंजीस आग लागली कीं सर्व गंज्या जातील. रात्रीं दिवा जळत ठेवला तर उंदीर पेटती वात ओढून नेईल, इतक्या बारकाईपर्यंत हें पत्र जातें.

लहान घर चालविलेल्या माणसानें हें पत्र वाचलें म्हणजे त्यास कांहीं गोष्टी आपोआप दिसतात. साठा रोजच्या शिध्याच्या हिशेबानें पुरवावयाचा. एकदां पाऊस लागला, वहाळ भरले, घाट बंद झाले, तारवें किनाऱ्यावर ओढलीं, कीं तो पुन्हा भरतां येत नाहीं. जें गवत आषाढांत जीव वांचवितें तेंच वैशाखांत घर जाळतें. म्हणजे बेगमी जों जों पुरी होत जाते तों तों उन्हाळ्याचें भय वाढत जातें, आणि आगोटीचे शेवटचे पंधरा दिवस सर्वांत धोक्याचे. आणि सर्वांत महत्त्वाचें तें हें कीं, शिपाई काय काय ओढून नेतील म्हणून जी यादी दिली आहे, दाणे, गवत, लांकडें, भाजी, ती कुणब्याच्या बेगमीचीच यादी आहे. वैशाखांत लांकडाची एक मोळी नेली तर चार पैशांची चोरी झाली असें शहरांतल्या वाचकास वाटेल. कोंकणांत ती मोळी म्हणजे श्रावणांतल्या कांहीं दिवसांची शिजलेली पेज होय. पावसांत सुकें लांकूड पैसे टाकूनही मिळत नसे. पत्र लिहविणाऱ्यास हें पक्कें ठाऊक होतें.

आतां घरवाडीच्या कामांकडे वळूं. शिमगा झाला कीं भाजावळ सुरू होई. पालापाचोळा, कवळ, शेण व माती यांचे थर देऊन राब भाजावयाचा आणि त्या जागीं भाताची दाढ टाकावयाची. त्याच सुमारास बांधांची डागडुजी, घराभोंवतींचे चर उपसणें, गोठ्यांतलें खत शेतांत नेऊन टाकणें. खाडीकांठीं खारबंदिस्तीचें काम सगळ्या गांवानें मिळून करावयाचें. हीं कामें पुरुषांचीं, व तीं सर्वांच्या परिचयाचीं आहेत.

वैशाख मात्र बायकांचा. त्या महिन्याचें ऊन म्हणजे वर्षाचें भांडवल. भात उकडून वाळवावयाचें; मिरच्या, कुळीथ, पावटे यांस ऊन दाखवून राखेंत घोळवून मडक्यांत भरावयाचे; कैऱ्यांची आंबोशी, रातांब्यांचीं सोलें, फणसाचीं व आंब्याचीं साठें, पापड, सांडगे. फणसाचे कच्चे गरे मिठाच्या पाण्यांत. आठळ्या मातींत पुरून. कोळ्यांकडून व गाबितांकडून सुके बोंबील, सुके बांगडे घेणारांनीं घ्यावयाचे. कांद्यांच्या माळा आढ्यास टांगावयाच्या. कोकमाच्या बियांचें तेल काढून त्याचे मुठीएवढे गोळे करून ठेवीत, आणि चिखलांत कुजलेल्या पायांच्या भेगांस तें लावीत. भाजीपाल्याचें बियाणें शेणांत थापून भिंतीस चिकटवून ठेवलेलें आम्हीं लहानपणीं पाहिलें आहे. मृगांत तें शेण फोडून तसेंच मातींत घालावयाचें.

मीठ हा यांतला सर्वांत अवघड जिन्नस. बाकीच्या वस्तूंस ओल लागूं नये म्हणून राखण करावी लागते. मीठ आपण होऊन हवेंतली ओल ओढून घेतें. त्याचें मडकें चुलीमागें भानवशीवर ठेवीत, आणि तरीही श्रावणापर्यंत त्यांतून पाणी सुटे. मडक्याखालीं जमलेलें खारें पाणीही वांया न घालवितां कालवणांत घालीत.

घराची शाकारणी सर्वांत शेवटीं. याचें कारण विस्तव हेंच असावें, असें आम्हांस वाटतें. नवा कोरडा पेंढा छपरावर चढवून महिनाभर कडक उन्हांत ठेवण्यांत शहाणपण नाहीं. मंगळुरी कौलें ही अलीकडची गोष्ट आहे. बासेल मिशननें मंगळुरास पहिला कारखाना काढला तो १८६५ सालीं. त्यापूर्वीं ज्यास ऐपत होती त्यास नळ्यांचीं कौलें, बाकी सर्वांस गवत, पेंढा किंवा माडाचीं झांपें. या छपरांस उतार भारी आणि वळचण इतकी खालीं आणलेली कीं आंत शिरतांना वांकावें लागे. आजचा पाहुणा त्यास दारिद्र्याचें लक्षण समजतो. वस्तुतः वळचण खालीं असली म्हणजे पागोळ्या भिंतीपासून दूर पडतात, मातीची भिंत भिजत नाहीं, आणि वाऱ्यास छपराखालीं शिरून तें उचलावयास वाव राहत नाहीं. पडवीच्या उघड्या बाजूस झांपांचे आडोसे, जोतें उंच, खळ्यावरचा मांडव काढून त्याचें सामान आंत. माडांच्या वाळक्या झांवळ्या व नारळ आधींच उतरून घेत, कीं वादळांत ते कौलांवर पडूं नयेत. शेवटीं बांबूच्या कामट्यांचीं, पानांनीं शिवलेलीं इरलीं माळ्यावरून खालीं येत, आणि इरलीं खालीं आलीं म्हणजे आगोट झाली.

हा सर्व खटाटोप ज्या पावसासाठीं, त्याचें पाणी मात्र घरवाडीच्या हातीं राहत नसे. जांभा हा दगड चाळणीसारखा. १२० इंच पाऊस पडून गेल्यावर माघ-फाल्गुनांत विहिरीचा तळ दिसूं लागतो, ही कोंकणची जुनी चेष्टा आहे. म्हणून कार्तिकापासून आगोटीपर्यंत माडपोफळींस शिंपणें हेंच घरवाडीचें मुख्य काम होई. किनाऱ्यालगत विहिरीवर रहाट, इतरत्र लाट. माडाच्या आळ्यांत नारळाचीं सोडणें पुरून वर पाला पसरावयाचा, कीं दिलेलें पाणी दोन दिवस टिकावें. ज्या घरांत जुलैंत पाण्याच्या मुबलकतेनें भिंती ढांसळत, त्याच घरांत मे महिन्यांत हातपाय धुतलेलें पाणी केळीस जाई. एकाच कुटुंबास या दोन्ही गोष्टी एकाच वर्षांत सांभाळाव्या लागत, हें परप्रांतीयांस समजत नाहीं; आणि आमच्याही पुण्याकडच्या स्नेह्यांस पुष्कळदां समजत नाहीं.

आतां माळा. कोंकणी घरांत सैंपाकघर आणि माजघर यांच्या वर लांकडी फळ्यांचा, किंवा गरिबाघरीं बांबू व शेणमातीचा, माळा असतो. पावसाळ्यांत चूल सहसा विझत नसे. रात्रीं निखारे राखेखालीं झांकून ठेवीत, कारण सर्दलेल्या घरांत नवा विस्तव करणें कठीण. धुरास धुरांडें नसे. तो माळ्यावरून फिरत फिरत पेंढ्यांतून बाहेर पडे. आंत येणाऱ्या माणसाचे डोळे चुरचुरत, भिंती काळ्या होत; परंतु जेथें बाहेरची हवा आषाढांत पाण्यानें जवळजवळ भरलेली असते तेथें घरांतला हा एकच भाग चार महिने उबदार व कोरडा राही. धुरांतील द्रव्यांनीं बुरशी व कीड दोन्ही दूर राहतात हें आतां रसायनशास्त्रही सांगतें. म्हणून पुढल्या वर्षीं लागणारी प्रत्येक वस्तु माळ्यावर जाई. बियाण्याच्या भाताच्या, पेंढ्याच्या दोरानें घट्ट आवळलेल्या मुड्या, भोपळे, कडुनिंब व निर्गुडीचा पाला घातलेलीं कडधान्यें, आणि त्यांच्याच शेजारीं दप्तराचा पेटारा.

हें शेजार आम्हांस महत्त्वाचें वाटतें. बियाणें आणि सनद, खरेदीखत किंवा कर्जरोखा या घरवाल्याच्या दृष्टीनें एकाच जातीच्या वस्तु होत. आज उपयोग नाहीं, पण उद्यां नसल्या तर घर बुडालें. ज्यानें मुडी राखली त्यानें त्याच युक्तीनें कागद राखले. रुमालांत घट्ट बांधणें हें मुडी आवळण्यासारखेंच. पोथ्यांच्या अखेरीस लेखक जो श्लोक लिहितात, त्यांत ग्रंथाचें तेलापासून, पाण्यापासून आणि सैल बांधणीपासून रक्षण करावें अशी विनवणी असते. तेल व पाणी सर्वांस समजतें. सैल बांधणी कां, असा प्रश्न विद्यार्थी विचारीत. पोथी सैल राहिली कीं पानापानांत दमट हवा शिरते, पानें वळतात, कसरीस वाट मिळते. शिवाय आपल्याकडची शाई बहुधा काजळाची. ती उन्हानें उडत नाहीं, पण पाणी लागलें तर धुऊन जाते. जुन्नरी व दौलताबादी कागद चिवट खरा, पण अक्षरच गेल्यावर चिवट कागद काय कामाचा? पेटाऱ्यांत वेखंडाची पुरचुंडी असे, कोठें कोठें सापाची कातही. पावसाळा संपून नव्याची पुनव झाली कीं रुमाल सोडून कागद सावलींत वाऱ्यावर टाकीत, आणि झटकून पुन्हा बांधीत. धुरानें कागद पिंगट होतो, कडा ठिसूळ होतात, हें आम्ही नाकारीत नाहीं. कोंकणांतून आलेले रुमाल सोडतांना जो चुलीचा वास येतो, त्याविषयीं आमचे स्नेही नाक मुरडतात. त्या वासामुळेंच तो रुमाल त्यांच्यापर्यंत आला आहे.

आतां आमचा प्रमाद. सुमारें तीस वर्षांपूर्वीं आम्हीं वडिलार्जित घराचा पुढला भाग पाडून सिमेंटचा केला, आणि माळ्यावरच्या पेटाऱ्यांतील चाळीसएक कागदांचा रुमाल, तेथें धुरानें खराब होतो म्हणून, खालीं आणून नव्या लोखंडी कपाटांत ठेविला. कपाट पश्चिमेच्या भिंतीस टेंकून होतें. आम्हीं वेखंडही घातलें नाहीं. त्याऐवजीं बाजारांतल्या पांढऱ्या गोळ्या टाकल्या आणि कुलूप लावून नोकरीच्या गांवीं गेलों. दिवाळींत येऊन उघडलें तों कपाटाच्या पाठीस पाणी सुटलें होतें, भिंतींतून वाळवी वर चढली होती, आणि रुमालाचा अर्धा भाग एकजीव लगदा झाला होता. दोन पिढ्यांच्या बेपर्वाईंतही जें टिकलें होतें, तें आमच्या काळजीनें एका पावसाळ्यांत गेलें.

त्या रुमालांत खरेदीखतें व कर्जरोखे होते, त्यांच्या नकला आमच्याजवळ होत्या. ज्याची नकल पुरी झाली नव्हती तो कागद म्हणजे आगोटीची एक मोडी याद. सालाचा उल्लेख नाहीं, कोणाची सही नाहीं, म्हणून आम्हीं ती मागें ठेविली होती. अकरा ओळी उतरून घेतल्या होत्या, बाकीच्या पुढल्या सुटींत उतरूं असें म्हटलें होतें. त्या अकरा ओळींत आरंभीं घरांतल्या माणसांची व गुरांची मोजदाद आहे, आणि मग जिन्नस: मीठ, मिरची, सोलें, कुळीथ, सुंभ, शेणी, शाकारणीचा पेंढा. तोंडें आधीं आणि जिन्नस मागून, ही मांडणी पाहिली म्हणजे लेखारंभीं सांगितलेला मुद्दा ध्यानांत येईल. पाऊस किती पडणार याचें यादींत अक्षरही नाहीं. पुढें काय होतें, लांकडांच्या किती मोळ्या, बियाणें किती, माळ्यावर काय चढवावयाचें होतें, हें आतां कळण्याचा मार्ग उरला नाहीं. एखादी सनद गेली तर तिची दुसरी प्रत दुसऱ्या दप्तरांत सांपडण्याची आशा असते. अशा यादीची दुसरी प्रत कोण करितो?

आमचें उदाहरण एकट्याचें नव्हे. गेल्या चारपांच दशकांत कोंकणांत पेंढा जाऊन कौल आलें, कौल जाऊन स्लॅब आला, चुलीच्या जागीं गॅस आला. धुरानें बायकांच्या छातीचें व डोळ्यांचें जें नुकसान होई तें टळलें ही मोठी गोष्ट झाली, व तो धूर परत यावा असें आम्ही कदापि म्हणणार नाहीं. पण त्याबरोबर माळ्याचा कोरडेपणा गेला, आणि माळ्यावरचा पेटारा मात्र जेथल्या तेथें राहिला, किंवा आमच्यासारख्या शहाण्यानें खालीं आणला. वादळवाऱ्याच्या बाबतींतही तसेंच. ३ जून २०२० रोजीं, मृग लागण्यापूर्वीं चारपांच दिवस, निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर आलें. पोफळींच्या बागा आडव्या झाल्या आणि घरोघरचे पत्रे उडाले. उघड्या पडलेल्या घरांवर मागून पाऊस आला.

माळा सर्व संकटांवर उपाय नव्हे हेंही सांगितलें पाहिजे. ज्या चिपळूणच्या छावणीविषयीं वर लिहिलें, त्याच चिपळुणांत २२ जुलै २०२१ रोजीं वाशिष्ठीचें पाणी शिरून तळमजले बुडाले, आणि १८६४ पासून चालत आलेल्या लोकमान्य टिळक स्मारक वाचनमंदिराच्या ग्रंथसंपत्तीची मोठी हानि झाली. २००५ च्या जुलैंतही त्या गांवानें असाच पूर पाहिला होता. ओल आणि पूर हे दोन निराळे शत्रु आहेत. माळा ओलीसाठीं होता. पुरासाठीं जुन्या लोकांनीं घराची जागाच निवडून घेतली होती, व ती निवड आतां आपल्या हातीं राहिलेली नाहीं.

संग्राहकांस दोन विनंत्या करावयाच्या आहेत. कोंकणांतील घरांतून रुमाल उचलण्यापूर्वीं तो घरांत कोठें होता, चुलीवरच्या माळ्यावर, ओटीवरच्या फडताळांत कीं देवघरांत, हें टिपून ठेवावें. आणि त्या जागेपेक्षां कोरडी जागा आपल्याजवळ नसेल तर पावसाळ्याच्या तोंडावर तो हलवूं नये, कार्तिकांत हलवावा. लोखंडी कपाट बाहेरच्या भिंतीपासून वीतभर दूर ठेवावें आणि मधूनमधून उघडावें, हें आम्ही किंमत देऊन शिकलों. दुसरी विनंती यादींविषयीं. मितीवांचूनच्या, सहीवांचूनच्या, मीठमिरचीच्या यादी रुमालांत निघाल्या म्हणजे आपण त्या बाजूस टाकतों. आगोटीची अशी एखादी सबंध याद कोणाच्या संग्रहीं असल्यास तिची अक्षरशः नकल याच त्रैमासिकांत प्रसिद्ध करावी. आमच्या अकरा ओळी आम्ही त्याबरोबर जोडण्यास पाठवूं.